वळ उठले, दुखणे गेले?

पाठीला तेल चोळायचे. म्हशीच्या शिंगाची किंवा जेड दगडाची, गुळगुळीत कडेची पट्टी त्वचेवर तिरकी धरायची आणि मानेपासून खांद्याकडे, खांद्यापासून पाठीवर खाली, एकाच दिशेने दाब देत घासत न्यायची. कडा बोथट असल्याने कातडी फाटत नाही. पण पट्टी पुन्हा पुन्हा फिरली की त्वचा लाल होते, त्या लालीत बारीक ठिपके उमटतात, ठिपके एकमेकांत मिसळतात आणि थोड्या वेळात पाठीवर लाल-जांभळे पट्टे दिसू लागतात. नवे ठिपके उमटेनासे झाले की घासणारा ती जागा सोडून पुढच्या जागेकडे वळतो. ग्वा शा हा चिनी उपचार तो हाच. चीन, तैवान, हाँगकाँगमध्ये तो घराघरांत माहीत आहे आणि तिथे पट्टी नसेल तर चिनीमातीचा चमचाही चालतो. व्हिएतनाम आणि इंडोनेशियात हेच काम नाण्याने करतात. इंडोनेशियात त्याला केरोकान म्हणतात. आखडलेली मान, धरलेली कंबर, जड झालेले खांदे यांसाठी आता हा उपचार युरोप-अमेरिकेत आणि आपल्याकडच्या शहरांतही घेतला जातो.

त्याबद्दल बोलणारे लोक सहसा दोन टोकांना उभे असतात. एक बाजू पाठीवरचे वळ दाखवून म्हणते, बघा, साचलेला दोष बाहेर आला. दुसरी बाजू तेच वळ दाखवून म्हणते, ही तर उघड इजा आहे. दोघांचीही नजर वळांवर खिळलेली असते आणि गोंधळ तिथेच होतो, असे मला वाटते. वळ उठणे ही एक घटना, दुखणे कमी होणे ही दुसरी. पहिलीचा अर्थ परंपरेने चुकीचा लावला म्हणून दुसरी खोटी ठरत नाही. आणि दुसरी काही प्रमाणात खरी असली म्हणून पहिलीचा पारंपरिक अर्थ खरा ठरत नाही. या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवून पाहिल्या तर ग्वा शाला त्याची योग्य जागा देता येते. ती जागा लहान आहे, पण आहे.

या उपचाराच्या बाजूने सर्वांत आधी पुढे केले जाते ते त्याचे वय, म्हणून सुरुवात इतिहासापासून करू. मिंग राजवटीच्या अखेरच्या काळातले नामवंत वैद्य झांग जिएबिन (१५६३–१६४०) यांनी आपल्या ग्रंथात घासण्याच्या उपचाराची एक हकिगत नोंदवली आहे. रुग्ण त्यांची पत्नीच होती. पावसाळी गारठ्याच्या दिवसांत तिच्या छाती-पोटात अचानक असह्य कळा येऊ लागल्या, औषध पोटात ठरेना. तेव्हा झांग यांनी गुळगुळीत काठाचा चिनीमातीचा वाडगा घेतला, गरम पाण्यात चमचाभर तिळाचे तेल घालून त्यात त्याचा काठ बुडवला आणि तो उबदार, निसरडा झाल्यावर पाठीवरून वरून खाली फिरवला. आधी हलक्या हाताने, मग दाब वाढवत. काही वेळाने पोटात गुडगुड झाली, जुलाब झाले आणि कळा थांबल्या. आतल्या अवयवांची नाळ पाठीशी जुळलेली आहे, तेव्हा पाठीवर घासल्याने आतला दोष खाली उतरतो, अशी त्यांची उपपत्ती होती. पुढे छिंग राजवटीत, १६७५ साली, गुओ झीसुई यांनी 'शा' नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्याधींवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्यात घासणे, सुईने टोचून रक्त काढणे आणि औषधे असे तिन्ही मार्ग आहेत.

या जुन्या नोंदींत दुखरी मान आणि आखडलेली कंबर केंद्रस्थानी नाहीत. केंद्रस्थानी आहेत ते झपाट्याने येणारे, साथीने पसरणारे आजार: ओकाऱ्या, जुलाब, पोटातल्या कळा, उन्हाचा तडाखा, ग्लानी, ताप. थोडक्यात, पटकीच्या जातीचे दुखणे. त्यामुळे 'शेकडो वर्षांचा अनुभव' ही साक्ष पुढे आली की कशाचा अनुभव, हे विचारायलाच हवे. ज्या आजारांसाठी हा उपचार मुख्यतः लिहून ठेवला गेला, त्यांवर आज क्षार-साखरेचे पाणी, सलाइन आणि योग्य वेळी प्रतिजैविके देतात आणि त्यांनी जीव वाचतात. तिथे घासण्याला काही काम उरलेले नाही. उलट ज्या दुखण्यासाठी आज त्याची शिफारस होते, त्या स्नायूंच्या दुखण्याबद्दल या ग्रंथांची साक्ष क्षीण आहे. वय हा तसाही कच्चा पुरावा. युरोपात शिरा कापून रक्त काढण्याची पद्धत दोन हजार वर्षे चालली, थोर वैद्यांनी चालवली, आणि तिने बरे झालेल्यांपेक्षा अशक्त झालेलेच अधिक असावेत. एखादी गोष्ट टिकली म्हणजे लोकांना तिच्यापासून काहीतरी मिळत होते, इतकेच म्हणता येते. काय मिळत होते हे नव्याने तपासावेच लागते.

आता वळांकडे येऊ. त्वचेच्या अगदी वरच्या थरांखाली केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. कडक कडेने दाबून घासले की त्यांतल्या काही फुटतात आणि रक्ताचे सूक्ष्म थेंब आजूबाजूच्या पेशीजालात उतरतात. ठिपके म्हणजे हे थेंब. त्यांत विष नसते, साचलेला वायू नसतो, 'खराब रक्त'ही नसते. क्षणापूर्वी वाहिनीतून वाहत असलेलेच ते रक्त असते. शरीरातली टाकाऊ द्रव्ये यकृत आणि मूत्रपिंडे सांभाळतात, पाठीच्या कातडीतून ती अशी खेचून काढता येत नाहीत. गडद जांभळा वळ म्हणजे जुना दोष आणि फिकट गुलाबी वळ म्हणजे नवा, असे रंगवाचन उपचारक करतात. पण वळाचा रंग मुख्यतः किती रक्त उतरले, किती खोलवर उतरले, हाताचा दाब किती होता आणि त्या माणसाच्या वाहिन्या किती नाजूक आहेत, यावर ठरतो. वय वाढते तशा त्या अधिक सहज फुटतात. म्हाताऱ्या माणसाच्या पाठीवर गडद पट्टे उठले यावरून त्याच्या दुखण्याबद्दल फारसे काही कळत नाही, त्याच्या त्वचेबद्दल मात्र कळते.

दोन ते चार दिवसांत वळ फिके पडतात आणि ते फिके पडतानाची प्रक्रिया मला या सगळ्या विषयातली सर्वांत रोचक बाब वाटते. बाहेर आलेले रक्त शरीर तसेच पडू देत नाही. तांबड्या पेशींतल्या हीम या रंगद्रव्याचे विघटन करायला हीम ऑक्सिजनेज नावाचे विकर तिथे वाढू लागते. त्याच्या कामातून आधी हिरवट, मग पिवळसर द्रव्ये तयार होतात. मुका मार लागल्यावर त्वचा जे रंग बदलते ते याचमुळे. या विकराचा आणखी एक गुण असा की त्याच्या कामातून निघणारी काही द्रव्ये दाह शमवतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात उंदरांच्या पाठीवर अशाच प्रकारे घासले. या उंदरांत ते विकर वाढले की प्रकाश दिसावा अशी जनुकीय सोय केलेली होती. घासल्यानंतर प्रकाश वाढला आणि तो पुढे काही दिवस दिसत राहिला. म्हणजे वळांना काहीच अर्थ नाही असेही नाही. परंपरा म्हणते, वळातून दोष बाहेर पडला. जीवशास्त्र म्हणते, वळ ही एक छोटी इजा आहे आणि ती निस्तरताना शरीर दाह आवरणारे एक द्रव्य जास्त प्रमाणात बनवते. दुसरे विधान तपासता येते, मोजता येते, खोटे ठरवता येते. म्हणून मला त्याचे मोल अधिक वाटते. मात्र उंदराच्या कातडीतला प्रकाश म्हणजे माणसाच्या मानेचा आराम नव्हे. या दोहोंमधले अंतर अजून पुरते कापलेले नाही.

वेदना तात्पुरती कमी होण्याची आणखीही दोन कारणे संभवतात आणि ती वळांवर अवलंबून नाहीत. पहिले रक्तप्रवाहाचे. २००७ साली आर्या नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ निरोगी माणसांवर घासण्याआधी आणि नंतर लेझर डॉपलर यंत्राने त्वचेतला रक्तप्रवाह मोजला. पहिल्या साडेसात मिनिटांत तो सुमारे चौपट झाला आणि मोजमाप चालू असलेली पंचवीस मिनिटे वाढलेलाच राहिला. दुसरे कारण मज्जासंस्थेचे. ठेच लागली की आपण ती जागा चोळतो, कारण स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट काही काळ अडवतात; रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलेला सिद्धांत याच धर्तीचा आहे. शिवाय शरीराला एका ठिकाणी झोंबणारी संवेदना दिली की दुसऱ्या ठिकाणच्या वेदनेची धार कमी होते, हेही प्रयोगांतून दिसलेले आहे. झोंबणारा बाम, गरम पाण्याची पिशवी, जोरकस मालीश, आपल्याकडे पूर्वी लावत ती तुंबडी, या सर्वांत यांपैकी काही ना काही घडत असते. ग्वा शात घडणारे सगळेच एकमेव, दुसरीकडे न मिळणारे आहे, असे मानायला त्यामुळे आधार उरत नाही.

मग प्रत्यक्ष रुग्णांवर काय दिसले? जर्मनीतल्या संशोधकांनी २०११ साली मानेच्या जुनाट दुखण्याच्या ४८ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. एका गटाला एकदाच ग्वा शा, दुसऱ्याला गरम शेक. आठवड्याने १०० मिलिमीटरच्या वेदनापट्टीवर दोन गटांत जवळजवळ ३० मिलिमीटरचा फरक होता, ग्वा शाच्या बाजूने. हा आकडा लहान नाही. रुग्णाला स्वतःला जाणवेल एवढा तो नक्की आहे. २०१९ साली कंबरदुखीच्या ५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत निम्म्यांना दोनदा ग्वा शा दिला आणि निम्म्यांना नुसते थांबायला सांगितले. उपचार घेतलेल्यांनी वेदना कमी झाल्याचे आणि एकूण प्रकृतीला बरे वाटत असल्याचे सांगितले. पण याच चाचणीत आणखीही काही मोजले होते: रोजची कामे किती जमतात, हालचाल करताना किती दुखते, दाबल्यावर वेदना कधी सुरू होते. त्यांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हाँगकाँगमध्ये २०१७ साली १२ वृद्धांवर झालेल्या एका लहान चाचणीत ग्वा शा आणि गरम शेक दोन्हींनी आराम पडला. ग्वा शाचा परिणाम थोडा अधिक टिकला. २०१० साली कोरियातल्या अभ्यासकांनी तोवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. पुरावा पुरेसा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. नंतरच्या चाचण्यांनी चित्र थोडे उजळले, पण पालटले नाही.

कंबरदुखीच्या चाचणीतला तो निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. ग्वा शाची ख्याती दोन गोष्टींसाठी आहे, दुखणे आणि आखडणे. बसल्या जागी दुखणे कमी झाले असे रुग्ण सांगतो, आणि त्याच्या सांगण्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही, कारण वेदना मोजण्याचे दुसरे साधन आपल्यापाशी नाही. पण तो अधिक वाकू लागला, बादली उचलू लागला, जिना विनासायास चढू लागला, असे मात्र दिसले नाही. म्हणजे उपचाराने वेदनेचा आवाज खाली आला, शरीराची क्षमता होती तिथेच राहिली. काही दिवसांचा असा आराम निरुपयोगी नसतो. दुखत असल्यामुळे जो माणूस मानच वळवत नाही, चालायला जात नाही, व्यायाम टाळतो, त्याला चार दिवसांची उसंत मिळाली आणि त्या उसंतीत त्याने हालचाल सुरू केली, तर त्याचा खरा फायदा होईल. तोच माणूस दर आठवड्याला पाठ घासून घेत राहिला आणि बाकी काहीच बदलले नाही, तर पैसा आणि वेळ जाईल, कंबर तिथेच राहील. अमेरिकी फिजिशियन महाविद्यालयाने २०१७ साली कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शनात औषधांआधी शेक, मालीश, ॲक्युपंक्चर, व्यायाम यांना स्थान दिले आहे. ग्वा शाचे नाव त्यात नाही. त्याच मार्गदर्शनात असेही म्हटले आहे की नवी कंबरदुखी बहुतेकांची काही काळाने, कोणताही उपचार केला तरी, कमी होते. उसण भरल्यावर चौथ्या दिवशी ग्वा शा घेतला आणि आठव्या दिवशी बरे वाटले, तर श्रेय कोणाला द्यायचे हा प्रश्न म्हणूनच खरा आहे.

यावर संशयवादी म्हणतील, की मग सरळ सांगा ना, हा सगळा प्लॅसिबो आहे. इतक्या ठामपणे ते म्हणता येत नाही. गोळीच्या चाचणीत खरी गोळी आणि साखरेची गोळी सारखी दिसते. पाठीवर वळ उठले की नाही हे मात्र रुग्णापासून लपत नाही. ज्याच्या पाठीवर ठसठशीत खुणा उमटल्या त्याला 'काहीतरी घडले' अशी खात्री पटते आणि ती खात्रीच वेदना कमी करू शकते. नुसते थांबायला सांगितलेल्या गटाशी तुलना केली की हा परिणाम वेगळा काढता येत नाही. पण निष्कर्ष काढता येत नाही याचा अर्थ परिणाम शून्य आहे असा होत नाही, आणि शेक हा काही साखरेची गोळी नव्हे. त्याच्याशी तुलना होऊनही फरक दिसला आहे. दुसऱ्या बाजूचे समर्थक नेमक्या याच अडचणीचा आधार घेतात. आमचा उपचार तुमच्या कसोट्यांत बसत नाही, तेव्हा त्या आम्हाला लावू नका, असे ते सांगतात. हेही मान्य करण्यासारखे नाही. शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी, योगासने यांचीही अशीच अडचण आहे आणि तरी त्यांच्या चाचण्या होतात. ग्वा शाची योग्य चाचणी कशी असावी हे कळायला अवघड नाही: तेच तेल, तीच पट्टी, तेवढाच वेळ, पण एका गटात वळ उठेपर्यंत दाब आणि दुसऱ्यात वळ उठण्याआधीच थांबणे. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला तर वळ अनावश्यक ठरतील, आणि मग ते उठवण्याचे समर्थन कोणालाच करता येणार नाही. काही शे रुग्णांवर, काही महिने पाठपुरावा करून असा प्रयोग व्हायला हवा. या उपचारावर ज्यांची श्रद्धा आहे त्यांनीच त्याची मागणी करावी, असे मला मनापासून वाटते.

तोवर धोक्यांचा विचार करावा लागतो. निरोगी माणसाच्या पाठीवर प्रशिक्षित हाताने केलेला ग्वा शा बहुधा निरुपद्रवी असतो. वर सांगितलेल्या कंबरदुखीच्या चाचणीत गंभीर त्रास कोणाला झाला नाही. पण चाचण्यांत माणसे निवडून घेतलेली असतात. बाहेर तसे नसते. हृदयविकारामुळे किंवा पक्षाघातानंतर रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. त्यांच्या त्वचेखालचा रक्तस्राव ठिपक्यांवर थांबेलच असे नाही. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्यांना दाब किती पडतो आहे हेच कळत नाही. पायाच्या शिरेत गुठळी असण्याची शंका असेल तर तिथे घासणे धोक्याचे. पुरळ, जखम, उन्हाने पोळलेली त्वचा, तीळ-चामखीळ असलेली जागा, गरोदर बाईचे पोट आणि कंबर हे सगळे वर्ज्यच. उपकरणांचा मुद्दा याहून दुर्लक्षित आहे. त्वचा फाटलेली दिसत नसली तरी घासताना रक्ताचा अंश पट्टीला लागू शकतो आणि रक्तातून ब प्रकारच्या काविळीसारखे आजार पसरतात. शिंगाची किंवा लाकडाची पट्टी नीट निर्जंतुक करता येत नाही. नील्सन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली सुचवलेली सुरक्षेची नियमावली एकदाच वापरून टाकण्याजोग्या किंवा पूर्ण निर्जंतुक करता येणाऱ्या साधनांचा आग्रह धरते तो याच कारणाने. आणि सावळ्या त्वचेबद्दल कोणी सहसा बोलत नाही ते सांगितले पाहिजे: आपल्या वर्णाच्या त्वचेवर घासल्याने, दाह झाल्याने राहिलेला काळसर डाग आठवडे, कधी महिने टिकतो. 'चार दिवसांत खुणा जातात' हे आश्वासन सर्वांना लागू नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाने सर्वांत जपायचे ते तापात. आग्नेय आशियात ताप, कणकण, अंगदुखी यांसाठी नाण्याने घासण्याची जुनी सवय आहे. अंगात शिरलेला वारा त्याने निघतो, अशी तिथली समजूत. ही सवय इकडे उचलली गेली तर पावसाळ्यात ती जिवावर बेतू शकते. डेंग्यूमध्ये अंग मोडून येते, पाठ ठणकते, म्हणजे घासून घ्यावेसे वाटेल असेच दुखणे असते. पण त्याच आजारात रक्तातल्या प्लेटलेट घटतात आणि त्वचेखाली रक्ताचे ठिपके आपोआप उमटू लागतात. ते ठिपके डॉक्टरांसाठी इशारा असतात. पाठ आधीच घासून लाल केलेली असेल तर रक्तस्राव वाढण्याचा धोका आहेच, शिवाय इशारा ओळखणेही अवघड होते.

लहान मुलांच्या बाबतीत वळांनी आणखी एक वेगळे दुःख ओढवून आणले आहे. १९७५ नंतर व्हिएतनामहून लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले. मुलाला ताप आला की तिथेही ते नाण्याने पाठ घासत. शाळेतल्या शिक्षकांना, दवाखान्यातल्या डॉक्टरांना मुलाच्या पाठीवर समांतर लाल पट्टे दिसले की संशय यायचा तो मारहाणीचा. १९७६ सालीच अमेरिकेतल्या बालरोगविषयक नियतकालिकात अशा मुलांबद्दल लेख आला आणि या खुणा माराच्या नाहीत हे ध्यानात घ्या, असे डॉक्टरांना सांगावे लागले. २००१ साली झेंग श्याओलाँग यांनी ग्वा शा याच नावाचा चिनी चित्रपट काढला. त्याची कथा अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात घडते आणि नातवावर आजोबांनी केलेल्या उपचारापायी एका कुटुंबाची होणारी ताटातूट हा तिचा गाभा आहे. इथे त्या कुटुंबांची बाजू मला पूर्णपणे पटते. माया हा गुन्हा नव्हे, आणि परक्याची रीत न समजता त्याला दोषी धरणे अन्याय्य आहे. तरीही मुलाचा प्रश्न उरतोच. प्रौढ माणूस आपल्या पाठीबद्दल स्वतः ठरवू शकतो, तापलेले मूल ठरवू शकत नाही. हेतू चांगला असणे ही आईबापांची निर्दोषता झाली, उपचाराची योग्यता नव्हे. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापल्या लोखंडाचे चटके देतात तेव्हाही आईबापांचा हेतू चांगलाच असतो. ग्वा शाची इजा त्या मानाने फारच किरकोळ, पण दोन्हीकडे नियम एकच लावला पाहिजे: मुलाला वेदना देणारा उपचार करायचा, तर त्याच्या फायद्याचा पुरावा भक्कम हवा. तापात घासण्याबाबत तसा पुरावा नाही.

चेहऱ्यावर हलक्या हाताने जेडची पट्टी फिरवण्याची जी पद्धत सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींतून याच नावाने आली आहे, तिचा या चर्चेशी संबंध थोडाच. तिच्यात वळ उठवत नाहीत, दुखण्यावर उपचारही नसतो. तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासण्याची आपली रीतही वेगळी. तिथेही कातडीखाली रक्त आणायचे नसते. अमेरिकेत १९९०च्या दशकापासून खेळाडूंच्या स्नायूंवर पोलादी पट्ट्या फिरवण्याच्या ग्रॅस्टन तंत्रासारख्या पद्धती रूढ झाल्या. त्यांची उपपत्ती दोषांची किंवा वाऱ्याची भाषा बोलत नाही, आणि घासणे मात्र बरेचसे तेच. कारणमीमांसा बदलूनही कृती टिकते, हे यावरून दिसते. पण नवी, शास्त्रीय वाटणारी भाषा मिळाली म्हणून पुरावा आपोआप वाढत नाही. पोलादी पट्टीलाही तीच चाचणी द्यावी लागेल जी शिंगाच्या पट्टीला.

आपल्या राज्यात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे; ग्वा शासाठी स्वतंत्र नोंदणी नाही. त्यामुळे पारख करण्याची जबाबदारी बरीचशी घेणाऱ्यावरच येते. माझे मत असे की प्रकृतीने धडधाकट असलेल्या प्रौढाने, मान किंवा खांदे आखडले म्हणून, स्वच्छ साधनांनी आणि जाणत्या हाताने एक-दोनदा ग्वा शा करून पाहायला हरकत नाही. आधी शेक आणि मालीश करून पाहावे, कारण त्यांत खुणा राहत नाहीत आणि खर्चही कमी. उपयोग झाला की नाही हे आरशात पाठ पाहून ठरवू नये. मान किती वळते, रात्री झोप लागते का, कामाला उभे राहता येते का, यावरून ठरवावे. वळ गडद उठले म्हणून खूश होणाऱ्या आणि उठले नाहीत म्हणून जोर वाढवणाऱ्या उपचारकाला थांबवावे. दोन वेळा घेऊनही फरक नसेल तर तिसऱ्यांदा जाऊ नये. आणि कंबरदुखीबरोबर पायातली शक्ती गेली असेल, लघवीवरचा ताबा सुटला असेल, ताप असेल, वजन घटत असेल, किंवा खांद्याच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण येऊन घाम फुटत असेल, तर पाठीला तेल लावत बसू नका. त्याच दिवशी, त्याच घटकेला डॉक्टरकडे जा.